टपालपेटीवर दोघांचीही नावं लावा: म्युनिकला नव्याने येणाऱ्या जोडप्यांसाठी

म्युनिकला आल्यावर पहिले पाच आठवडे मला एकही पत्र आलं नाही. नवऱ्याला मात्र रोज काहीतरी यायचं. बँकेचं कार्ड, मग त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, विम्याचं पत्र, विजेच्या कंपनीचं पत्र. मला वाटायचं, बरं आहे, माझ्यामागे काही कटकट नाही. नंतर कळलं, की माझीही पत्रं येत होती आणि आल्या पावली परत जात होती. टपालपेटीवर आणि खालच्या बेलवर फक्त त्याचं आडनाव होतं, आणि मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही.

इथल्या पत्त्यात आपल्यासारखा फ्लॅट नंबर नसतो. ‘बी विंग, तिसरा मजला, लिफ्टसमोर’ असलं काही चालत नाही. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि पेटीवरचं नाव, बस्स. पेटीवर नाव नाही, तर पोस्टमनच्या लेखी तो माणूस तिथे राहतच नाही. तेव्हा सामान उघडायच्या आधी कागदाच्या पट्टीवर दोघांची आडनावं लिहा आणि चिकटवा. नीट छापील पाटी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, नंतर लावून देईल.

एकाला नोकरी लागली म्हणून दोघांनी यायचं ठरवलं, अशा जोडप्यांसाठी हे लिहिते आहे. बहुतेकदा नोकरी त्याची आणि मागून येणारी ती. उलटही असतं, आमच्या ओळखीत अशी दोन घरं आहेत. मागून येणारं माणूस ‘राहू दे, तुझ्याच नावावर करून टाक’ म्हणतं आणि वर्षभरात कागदावरून जवळजवळ गायब होतं. पुढे त्याचा त्रास होतो.

निघण्याआधी

विवाह नोंदणीचा दाखला मूळ प्रतीत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. तो जर्मनमध्ये भाषांतरित लागला, तर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावा लागतो, त्याच्या शिक्क्याशिवाय कागद चालत नाही. दाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का, ते तिकडेच बघा. आपलं मधलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात असेल, तर इथे ते तुमचंच दुसरं नाव धरतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंना दवाखान्यात त्यांच्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतात. त्या आता ओ देतात.

सामानाबद्दल थोडं. कुकर आणताना तळ बघून आणा. इथल्या अनेक घरांत इंडक्शन असतं आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही. जादा रिंग आणि शिट्टी आणाच. युरोपीय संघाबाहेरून येताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे आईने दिलेलं साजूक तूप आणि पेढे तिथेच संपवून या. गोडा मसाला, मेतकूट, बाकरवडी यांना अडचण नाही.

घर

म्युनिक हे जर्मनीतल्या सर्वांत महाग भाड्यांच्या शहरांपैकी एक. जाहिरातीत दोन आकडे दिसतील. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात पाणी, इमारतीचा खर्च आणि बहुतेकदा हीटिंग धरून. घरातली वीज आणि इंटरनेट यात सहसा नसतं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. घर बघायच्या आधी कुणी पैसे मागितले, ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो’ म्हणाला, की समजा फसवणूक.

आपल्याला धक्का बसतो तो स्वयंपाकघराचा. कित्येक घरांत ते नसतंच. खोली असते, भिंतीतून नळाचे पाइप बाहेर आलेले असतात आणि बाकी शून्य, कारण आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं, सिंकसुद्धा उचलून घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत ‘आइनबाउक्यूशे’ शब्द शोधा, तो असेल तर ओटा आहे.

भाडेकरारावर दोघांच्या सह्या घ्या. दोघांवर जबाबदारी येते हे खरं, पण घरावर हक्कही दोघांचा राहतो. सुरुवातीला महिना-दोन महिने सुसज्ज खोली घेणार असाल, तर एकच प्रश्न आधी विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करता येईल का? ‘नाही’ म्हणाले तर पुढे जा.

आनमेल्डुंग

म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि बाकीचं सगळं तिच्यावर टांगलेलं असतं. घरमालकाकडून तुम्ही तिथे राहायला आल्याचा सही केलेला एक कागद घ्यायचा, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. शब्द पाठ करायची गरज नाही, पण त्या कागदावर दोघांची नावं आहेत ना, ते बघा. मग ब्यूर्गरब्यूरोची, म्हणजे नागरिकांच्या नोंदी करणाऱ्या पालिकेच्या कार्यालयाची, वेळ ऑनलाइन घ्यायची. मुख्य कार्यालय रुपर्टश्ट्रासेवर आहे, पोच्चीश्ट्रासे स्टेशनजवळ. सगळे त्याला नुसतं ‘काफाउएर’ (KVR, त्या खात्याच्या लांबलचक जर्मन नावाची आद्याक्षरं) म्हणतात. पुढच्या आठवड्यातली वेळ दिसत नसेल, तर सकाळी लवकर साइट उघडून बसा. मिळालेल्या तारखेची पुष्टी जपून ठेवा.

अर्जात धर्म विचारतात. तो प्रश्न चर्चच्या करासाठी असतो. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, हा कर आयकराच्या 8 टक्के आहे आणि तो ठरावीक नोंदणीकृत धर्मसंस्थांच्या सदस्यांनाच लागतो, हिंदूंना नाही. कुतूहल म्हणून काहीबाही खूण करू नका.

यानंतर काही आठवड्यांत दोघांना वेगवेगळ्या पाकिटांतून 11 आकडी कर क्रमांक येतो. नोकरी करत नसलेल्यालाही येतो. हा क्रमांक जन्मभरासाठी असतो, कागद फेकू नका. (टपालपेटी. नाव. आठवलं ना?)

त्यानंतर येणारी पत्रं

जर्मनी हा तंत्रज्ञानाचा देश असेल, पण घरात तो पाकिटातूनच येतो. एक जाड फाइल घ्या, आलेलं पत्र त्याच दिवशी उघडा आणि त्यातली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. समजलं नाही तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा. पण ‘नंतर बघू’ म्हणून टेबलावर ठेवू नका. उत्तर दिलं नाही, की पुढच्या पत्रात दंडाची भाषा सुरू होते.

हमखास येणारं एक पत्र सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. तुमच्याकडे टीव्ही नसला तरी घरटी महिना 18.36 युरो. ही वर्गणी माणशी नसून घरटी आहे, पण पत्र मात्र दोघांना वेगवेगळं येतं. आमच्या एका मित्राकडे दोघांनीही इमानेइतबारे वर्षभर पैसे भरले. एकाने नोंदणी करायची, दुसऱ्याने आपल्या पत्राला उत्तर देऊन पहिल्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, एवढंच.

विमा, बँक आणि ती पाचवी कर-श्रेणी

आरोग्य विमा सक्तीचा. सरकारी पद्धतीच्या विम्यात कमाई नसलेला, किंवा अगदी थोडी असलेला, जोडीदार त्याच वर्गणीत फुकट येतो. पगार मोठा असेल तर खासगी विम्याचा एजंट गाठतो आणि म्हणतो, तिथे स्वस्त पडेल. तरुण, एकट्या माणसाला पडेलही. पण खासगीत जोडीदाराचे पैसे वेगळे, मुलांचे वेगळे, आणि परत सरकारीत येणं अवघड. जोडप्याने हा निर्णय विमानतळाचा थकवा उतरायच्या आत घेऊ नये.

दुसरा विमा सक्तीचा नाही, पण घ्याच: ‘हाफ्टफ्लिष्ट’. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो. सायकल कुणाच्या गाडीला घासली, वॉशिंग मशीनचं पाणी खालच्या घरात गळलं, असं काहीही. वर्षाला फार पैसे लागत नाहीत. एका पॉलिसीत दोघं येतात, फक्त जोडीदाराचं नाव घातलंय ना ते तपासा.

बँकेत एक संयुक्त खातं आणि दोघांचं एकेक स्वतःचं. आम्ही सुरुवातीला एकच ठेवलं, त्याच्या नावावर. मला पन्नास युरोचे बूट घ्यायचे होते आणि मी पुण्यात दहा वर्षं नोकरी केलेली बाई त्याला फोन करून विचारत होते, कार्डात पैसे आहेत का. त्या संध्याकाळी दुसरं खातं उघडलं.

आता कर-श्रेणी, ‘श्टॉयरक्लासे’. दर महिन्याच्या पगारातून किती कर कापायचा, ते तिच्यावरून ठरतं. विवाहित जोडप्याला आपोआप चार-चार मिळते. एकच कमावत असेल तर सगळे सांगतील, तीन-पाच करा (कमावणाऱ्याला तिसरी, दुसऱ्याला पाचवी), हातात जास्त पगार येतो. येतो. पण मागून आलेल्याला नोकरी लागते तेव्हा त्याची श्रेणी पाचवी असते आणि पगारातून इतका कर कापला जातो, की दोघांनाही वाटतं, ‘एवढ्यासाठी कशाला धडपड?’ प्रत्यक्षात वर्षअखेरीला एकत्रित विवरणपत्र भरलं, की दोघांचा मिळून कर तेवढाच भरतो, श्रेणी कुठलीही असो. फरक राहतो तो दुसरीकडे. पालकत्वाचा भत्ता आणि बेकारी भत्ता हातात येणाऱ्या पगारावरून ठरतात, म्हणजे पाचवीतल्या माणसाला ते कमी मिळतात. तेव्हा दुसऱ्याची नोकरी सुरू होताना, आणि बाळाचा विचार असेल तर त्याच्या बऱ्याच आधी, श्रेणी बदला. तीन-पाचमध्ये विवरणपत्र भरणं बंधनकारक असतं हेही लक्षात ठेवा.

फोडणी आणि छतावरचा डोळा

बायर्नमध्ये झोपायच्या खोल्यांत आणि तिथून बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये धुराचा अलार्म लावणं कायद्याने सक्तीचं आहे. म्हणजे छतावर एक पांढरी डबी असते आणि ती आपल्या स्वयंपाकाकडे डोळे लावून बसलेली असते. साध्या मोहरी-जिऱ्याच्या फोडणीने ती ओरडत नाही. ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या, की ओरडते. आमच्याकडे पहिल्यांदा वाजली ती रविवारी सकाळी नऊला. नवरा पंचा घेऊन तिच्याखाली पंख्यासारखा फिरवत होता, मी खोकत खिडक्या उघडत होते, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी गाउनमध्ये दारात उभ्या. त्यांना फक्त विचारायचं होतं, कुणाला लागलं तर नाही ना. मग त्यांनाही ठसका लागला.

उपाय: आधी स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी, चिमणी पूर्ण जोरात, आणि मग मिरची. अलार्म काढून कपाटात ठेवू नका.

खिडकी उघडण्यावरून आठवलं. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून हवा बदलायची, मग बंद करायच्या. वेडेपणा वाटतो, पण कुकरची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे यांनी भिंतीला बुरशी धरते, आणि घर सोडताना तिचा हिशोब डिपॉझिटमधून मागतात.

किराण्याचं म्हणाल तर उपाशी राहायची वेळ येत नाही. मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला गोएटेश्ट्रासे आणि लांडवेरश्ट्रासेच्या पट्ट्यात तुर्की आणि अरबी दुकानं आहेत. कोथिंबिरीच्या जाड जुड्या, भेंडी, मसूर, हिरव्या मिरच्या तिथे घ्या. सुपरमार्केटमधली कोथिंबीर कुंडीसकट विकतात आणि ती दोन दिवसांत मान टाकते. पोहे, साबुदाणा, तूरडाळ आणि पोळीची कणीक भारतीय दुकानातून. इथल्या पिठाच्या पुड्यांवर आकडे असतात. 405 म्हणजे साधारण आपला मैदा. भरड ‘फोलकोर्न’ पिठाच्या पोळ्या मी दोनदा करून पाहिल्या, तिसऱ्यांदा केल्या नाहीत.

श्रीखंडासाठी मात्र हा देश मला आपला वाटतो. ‘क्वार्क’ नावाचा चक्का कुठल्याही दुकानात डबीत मिळतो. ‘मागर’ लिहिलेला घेऊ नका, तो बिनसायीचा, कोरडा आणि आंबट. 40 टक्केवाला घ्या (घाबरू नका, ते टक्के पाणी वगळून उरलेल्या भागाचे असतात). पंच्यात बांधून तीन-चार तास टांगा, पिठीसाखर, केशर, जायफळ घाला. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना कळलं नाही, की दही घरी लावलेलं नव्हतं.

रविवार, कचरा, बाटल्या, किल्ली

रविवारी दुकानं बंद. खरोखर बंद. इतर दिवशीही रात्री आठला शटर. दूध संपलंच तर मुख्य स्टेशनमधली किंवा विमानतळावरची दुकानं उघडी असतात. रविवारी ड्रिल मशीन, हातोडी, मोठं संगीत नको, आणि रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता.

कचऱ्यात म्युनिकचं थोडं वेगळं आहे. इमारतीत सहसा तीन डबे: कागदाचा निळा, ओल्या कचऱ्याचा तपकिरी, बाकीचा करडा. प्लॅस्टिक, डबे आणि काच बहुतेक भागांत स्वतः चौकातल्या संकलन-कोपऱ्यावर नेऊन टाकायचं. काच रंगानुसार वेगळी, निळी बाटली हिरव्यात. तिथे काच टाकायची ती कामाच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सात, कारण खणखणाटाने आजूबाजूचे वैतागतात.

पेयाच्या बाटलीवर अनामत असते: एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकला आणि कॅनला 25 सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला 8. सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाका, चिठ्ठी घ्या, काउंटरवर वळती करा. बागेत बसून प्यायलात तर रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता शेजारी उभी ठेवा, त्या गोळा करून चार पैसे मिळवणारे लोक असतात.

किल्ली: घराच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार लागलं की लागलं. नुसता कचरा टाकायला जातानासुद्धा किल्ली खिशात. रविवारी कुलूपवाल्याला बोलावण्याचे पैसे मी सांगणार नाही, नवरा हा लेख वाचतो. एक जादा किल्ली मैत्रिणीकडे ठेवा.

फिरणं

‘डॉइचलांडटिकेट’ घ्या, दोघांचं वेगवेगळं. जानेवारी 2026 पासून महिना 63 युरो. देशभरातल्या बस, ट्राम, भुयारी आणि प्रादेशिक रेल्वे त्यात येतात, वेगवान लांब पल्ल्याच्या नाहीत. स्टेशनवर फाटक नसतं म्हणून फुकट समजू नका. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड 60 युरो. कागदी तिकीट शिक्का मारायच्या यंत्रात घातलं नसेल तर तेही विनातिकीटच.

भारतीय वाहन परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते.

आजारपण

घराजवळ एक ‘हाउसआर्ट्स्ट’, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, बरे असतानाच शोधा. बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत, विचारत फिरावं लागतं. सर्दी-तापाला बहुधा चहा, विश्रांती आणि आजारपणाची रजा मिळते. अँटिबायोटिकची अपेक्षा ठेवू नका. साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात नाही, आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानातच, मिळते. दवाखाने बंद असताना जीवावर न बेतलेल्या दुखण्याला 116117, जीवावर बेतलं तर 112, पोलीस 110. हे तीन आकडे फ्रिजवर लावा.

जो घरी असतो त्याचा दिवस

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, आलेल्याच्या जोडीदाराला इथे कुठलीही नोकरी करायची मुभा असते, आणि व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही लागत नाही. त्यामुळे भाषा राहून जाते. म्युनिकच्या ऑफिसांत इंग्रजी चालतं, म्हणून नोकरीवाल्याचं निभतं. बाकी शहराशी, म्हणजे डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टशी, हाउसमाइस्टरशी, खालच्या आजींशी गाठ पडते ती घरी असणाऱ्याची, आणि ती जर्मनमध्येच. लोकशिक्षण संस्थेत, ‘फोल्क्सहोखशूले’त, किंवा एकात्मता अभ्यासक्रमात नाव घाला. त्या अभ्यासक्रमाचे साधारणपणे 600 तास भाषेचे आणि 100 तास देशाच्या ओळखीचे असतात. ‘घर लागलं की जाईन’ असं मी चार महिने म्हणत होते. घर कधीच पूर्ण लागत नाही.

पहिला नोव्हेंबर कठीण जातो. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो आणि घड्याळ मागे गेल्यावर भारताशी साडेचार तासांचं अंतर होतं, उन्हाळ्यात साडेतीनचं. नवरा सहाला घरी येतो तेव्हा तिकडे आई झोपायच्या तयारीत असते. तेव्हा फोनसाठी दुपार राखून ठेवा, आणि आठवड्यातले दोन दिवस बाहेर पडायचं निमित्त आधीच ठरवा. वाचनालय, पोहण्याचा तलाव, इसार नदीच्या काठाने चक्कर, काहीही.

शेजाऱ्यांशी ओळखीची सुरुवात आपणच करावी लागते. जिन्यात भेटलं की ‘ग्रुस गॉट’ म्हणा, इथे अनोळखी माणसालाही म्हणतात. आमची ओळख वाढली ती आकाशकंदिलामुळे. दिवाळीत बाल्कनीत लावला होता आणि तुळशीच्या लग्नापर्यंत काढला नव्हता. 11 नोव्हेंबरला इथली मुलं संत मार्टिनच्या नावाने हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. समोरच्या घरातली पाच वर्षांची मुलगी आईचा हात ओढत वर बघत होती: यांचा कंदील आमच्याहून मोठा कसा? दुसऱ्या दिवशी मी चिवडा घेऊन गेले. मुलीने शेंगदाणे वेचून खाल्ले, आईने कढीपत्त्याचं पान बाजूला ठेवून विचारलं, हे खायचं की फक्त वासासाठी?

घरी पाहुणे यायचे असतील, गणपतीची आरती असेल, तर दोन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा: अमुक तारखेला, अमुक वेळेपर्यंत थोडा आवाज होईल, त्रास झाला तर बेल वाजवा. खाली दोघांची नावं आणि मजला लिहा. आमच्याकडे खालच्या आजींनी एकदा बेल वाजवली. झांजा बघायच्या होत्या.